पटक्याची तेरा चित्रं

इंदापूरच्या चित्रशाळेचा जिना अजून तसाच अरुंद आहे. वरून कुणी खाली येत असलं की मधल्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि वाट द्यायची. माणसांच्या पाठी टेकून टेकून तिथं भिंतीला एक तेलकट पट्टा पडला होता. आता तो रंगाखाली गेलाय. पण परवा मी दम खायला थांबले तर माझी पाठ आपोआप त्याच जागी टेकली. सुली, म्हणजे माझी लेक, दोन पायऱ्या खाली उभी. म्हणाली, "बस की जरा." मी म्हणाले, "बसले तर उठवायला क्रेन आणावी लागंल."

आदल्या आठवड्यात फोन आला होता. "जुनी कपाटं मोकळी करतोय. तुमच्या नावाचं एक भेंडोळं निघालंय. नेताय, का रद्दीत घालू?" बोलणारी नवीन शिक्षिका असावी, आवाज कोवळा होता. मी म्हणाले, नेते. फोन ठेवल्यावर बराच वेळ तव्यावर भाकरी आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

आमच्या वेळी चित्रशाळेच्या खाली धान्याचं गोदाम होतं. त्यामुळं वर्गाचा वास दोन्हीचा मिळून असायचा. टर्पेंटाइन, ओला कागद, खोडरबराचा भुगा आणि त्याखाली ज्वारीची धूळ. ज्वारीतले बारीक काळे किडे फटीतनं वर यायचे आणि कागदावर चालायचे. नवशिक्याला वाटायचं, हा ठिपका आपणच काढलाय. तो खोडायला जायचा आणि ठिपका पळायचा. त्यावर सगळा वर्ग हसायचा. मीही हसल्याचं मला आठवतं. म्हणजे तोंड हसल्याचं आठवतं. आत काही हलल्याचं आठवत नाही.

ती नव्वदच्या पुढची पहिली सालं. सुलीचे वडील गेले तेव्हा सुली पाळण्यात होती. कसे गेले ते मी सांगत बसत नाही, सांगून ते काही वेगळं होत नाही. मेंढरं विकली. बावड्याच्या अलीकडं आमची वस्ती, दोन खोल्या, पुढं लिंब, लिंबाला शेळी. घरात मी, सुली आणि माझे सासरे. गाव त्यांना तात्या म्हणायचं, सुली आबा म्हणायची आणि मी मामंजी म्हणायचे. म्हणजे मनात म्हणायचे. तोंडानं हाक मारायची रीत नव्हती.

लोक विचारतात, ते दिवस कसे काढले. खरं सांगू का, मी काढलेच नाहीत, ते आपले गेले. सकाळी उठून सडा घालायचे, शेण काढायचे, भाकऱ्या थापायचे. बोट भाजलं तर भाजलंय हे मागाहून दिसायचं. एकदा पायावर निखारा पडला, तर मी तो पायानंच बाजूला सारला आणि कालवण ढवळत राहिले. उजव्या पायावर त्याचा डाग आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.

सुली पाच वर्षांची झाली तेव्हा एकदा तिनं पेटीतनं लग्नाचा फोटो काढला. घरात तेवढा एकच फोटो. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्यातला बापू कंचा?"

"हा, बाशिंगवाला."

तिनं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, उलटा करून बघितला. म्हणाली, "बापूला तोंड न्हाय व्हय?"

आमच्याकडं नवऱ्या मुलाच्या कपाळाला कागदी बाशिंग बांधतात, त्याच्या झिरमिळ्या आणि मुंडावळ्या छातीपर्यंत लोंबत असतात. फोटोत त्यांचं तेवढंच दिसत होतं. खाली दोन हात, वर बाशिंग. मी तिला सांगायला गेले, तुझ्या बापूचं तोंड असं होतं... आणि मला पुढं काही येईना. त्यांच्या घोंगडीचा वास आठवला. मेंढरं वळवताना जिभेनं काढायचे तो आवाज आठवला. वर्षातले आठ महिने ते मेंढरांमागं लांब असायचे, घरी आले की भरल्या घरात दिवसाढवळ्या नवऱ्याकडं टक लावून कोण बघणार. तोंडाच्या जागी मला पांढरं दिसत होतं, नुसती चुना दिलेली भिंत.

तेव्हाही मला रडू आलं नाही. मी चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. पण सुली रोज विचारायला लागली. मग एवढं एकच मनात धरलं, की पोरीला बापाचं तोंड करून द्यायचं.

दिवाळीत आमच्या वस्तीवरच्या भिंती मीच रंगवायचे. गेरूचा हात देऊन वर चुन्यानं घोडं, मेंढरू, छत्री. हाताला वळण आहे असं बायका म्हणायच्या. बाजाराला आले की चित्रशाळेची पाटी दिसायची, त्यावर लिहिलेलं, "प्रौढांचा वर्ग दुपारी दोन ते चार." मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तेवढं वाचता येत होतं.

एका बाजारच्या दिवशी जिना चढून वर गेले. तिथले सर उंच, वाळकी काठी. कानावर पेन्सिल. त्यांनी वहीत नाव घेतलं आणि विचारलं, "काय शिकायचंय बाई?"

"माणसाचं तोंड काढाया."

"कुणाचं?"

"घरधन्याचं. ते आता न्हाईत."

"फोटो आणलाय?"

"फोटू न्हाय."

"बरं, आठवणीतनं काढू. नाक कसं होतं?"

"आठवत न्हाय."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "मग काढणार कसं?"

"तेच शिकाया आले," मी म्हणाले.

पहिले सहा महिने त्यांनी मला तांब्या, वांगं आणि उलटी ठेवलेली बादली याच्या पुढं जाऊ दिलं नाही. शेजारच्या बोर्डावर भिगवणचा दत्तोबा पेंटर असायचा. हायवेवरच्या हॉटेलांच्या पाट्या रंगवायचा आणि सर्टिफिकिट पाहिजे म्हणून वर्गाला यायचा. त्याचे मासे प्रसिद्ध होते. माशांना तो लांब लांब पापण्या काढायचा. सर म्हणायचे, "दत्तोबा, माशाला पापण्या नसतात." दत्तोबा म्हणायचा, "सर, पापण्या बघूनच गाड्या थांबत्यात. बिनपापणीचा मासा मेलेला वाटतोय." चारच्या ठोक्याला शाळेतली पोरं परीक्षेच्या वर्गासाठी जिन्यानं धडाधडा वर यायची आणि आम्ही मोठी माणसं भिंतीला पाठ लावून खाली उतरायचो.

बादली जमायला लागली तेव्हा एक दिवस सर म्हणाले, "तुमचे मिस्टर कुणाच्या तोंडवळ्यावर होते?"

"मामंजींच्या. लोक म्हणायचे, हा तात्याच."

"मग सोपं आहे. त्यांना आणा, स्टुलावर बसवा. बघून बघून काढा आणि मग वय कमी करू."

"आणते. पण मी त्यांच्याकडं बघत न्हाय."

"का? भांडण आहे?"

"भांडण कशाला असंल. सासरे हायत."

सरांना ते कळायला वेळ लागला. शहरगावचा माणूस. मग मी त्यांना सांगितलं की आमच्यात सून सासऱ्याच्या पुढं येताना पदर कपाळाखाली ओढते आणि नजर जमिनीला लावते. सासराही सुनेच्या तोंडाकडं बघत नाही, खोकून मग आत येतो. समोरासमोर बोलायचं नाही. सासूबाई होत्या तोवर सगळं त्यांच्या मार्फत चालायचं. त्या गेल्यावर आम्ही शेळीला सांगायचो. "शेळे, भाकरी झाली गं." "शेळे, आज भूक न्हाय." पुढं सुली बोलायला लागली आणि शेळी सुटली.

तर एका छपराखाली नऊ वर्षं काढलेल्या त्या माणसाचं तोंड मी धडपणी बघितलेलं नव्हतं. त्यांचं धोतर ओळखायचे, जोड्यांचा आवाज ओळखायचे, ताटातल्या हाताची बोटं ओळखायचे. बस.

संध्याकाळी ते ओट्यावर चंची सोडून बसले होते. मी दाराआड. सुली उंबऱ्यावर.

"सुले, आबांना सांग, चित्रशाळेत त्यांना स्टुलावर बसाया बोलवलंय."

"सुले, तुज्या आईला इचार, कशापायी."

"सांग, बापूचं तोंड काढायचंय. सर म्हणत्यात, आबांच्या तोंडात घावंल."

सुली काहीच सांगत नव्हती. नुसती एकदा इकडं, एकदा तिकडं मान फिरवत होती. बाहेर बराच वेळ तंबाखू मळल्याचा आवाज येत राहिला. चिमूट झाली असंल, तरी मळतच होते. मग खाकरले.

"सुले, तिला इचार, पटका बांधून बसायचं का सोडून."

आम्ही एसटीनं जायचो. ते पुढं ड्रायव्हरच्या मागं, मी आणि सुली पार मागच्या बाकड्यावर. कंडक्टरला कधी कळलं नाही की आम्ही एका घरचे. सुली गर्दीतनं पुढं जायची, मागं यायची. एवढंच काय ते आमच्यातलं जाणं-येणं.

मेंढरं राखलेल्या माणसाला बसायला शिकवावं लागत नाही. स्टुलावर ते असे बसायचे की खिडकीतली चिमणी त्यांच्या पटक्यावर उतरायची आणि तिथनं उडायची. दत्तोबा म्हणाला, "तात्या, जरा हला की. फोटू वाटताय."

"फोटू आसता तर कशाला आलो आसतो," मामंजी म्हणाले.

दत्तोबानं मान खाली घालून कांडी चालवायला घेतली.

सगळे समोर बसायचे. मी माझा बोर्ड खांबाआड लावायचे, त्यांच्या पाठीशी. तिथनं पटका दिसायचा. लाल, धुवून धुवून विटकरी झालेला. त्याचे पीळ, मागं सुटलेला शेमला, कानामागची पांढरी केसं, मानेवरची सुरकुती. कोळशाची कांडी घेऊन मी ते काढत बसायचे आणि चार वाजले की उठायचे. प्रत्येक बाजारच्या दिवशी एक कागद. सर खांबाआड डोकावायचे. एकदा म्हणाले, "बाई, पटक्याची तेरा चित्रं झाली. एवढा तर पटका विणणाऱ्यानंसुद्धा बघितला नसंल. तोंड कधी?"

त्या दिवशी मी बोर्ड उचलला आणि पुढं जाऊन बसले. पदर होता तिथंच होता, पण हनुवटी वर केली. नजरेनं त्यांच्या गुडघ्यापर्यंत आले, छातीच्या गुंडीपर्यंत आले, मिशीपर्यंत आले. तेवढ्यात त्यांची नजर हलली. आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. माझी कांडी तुटली. किडे कागदावर फिरत होते.

मधल्या सुट्टीत आम्ही बाया खाली चहाला गेलो. वर आलो तेव्हा दत्तोबा आणि मामंजी दोघंच काहीतरी पुटपुटत होते, आम्हाला बघून थांबले. मामंजींच्या धोतराला कोळशाची बोटं लागली होती. तिथं काय, कशालाही कोळसा लागायचा. दुसऱ्या दिवशी ते डाग मी घासून काढले, पुरते निघाले नाहीत.

पुढच्या खेपेला मामंजी स्टुलावर बसले आणि खाकरले.

"सुले, तुज्या आईला सांग, मी डोळं मिटून घेतो. डोळं मिटल्यावर मी काय हितं न्हाय. तिनं खुशाल काढावं."

आणि त्यांनी डोळे मिटले.

मी बघितलं. कपाळावर पटक्याचा वळ. भुवया दाट, मधे जवळजवळ आलेल्या. नाक टोकाला जरासं बसकं. हनुवटीला खळी, खळीत दाढीचे चार केस न निघालेले. खालच्या ओठाला डावीकडं एक बारीक मुरड. ती मुरड दिसली आणि मला वाटलं, हे ह्यांचं आहे, मेंढरांना हाळी देताना ओठ असाच वळायचा. ते मला आठवलं, का दिसल्यामुळं आठवल्यासारखं वाटलं, हे मला अजून सांगता येत नाही. दोन तास मी मामंजींच्या तोंडावर नजर ठेवून होते. त्यांच्या पापण्या अधनंमधनं थरथरायच्या, पण उघडल्या नाहीत. चार वाजले, पोरं जिन्यात आली, तरी उघडल्या नाहीत. मी पदर पुढं ओढला आणि सुलीला म्हणाले, "आबांना सांग, झालं."

सरांनी ते चित्र खिडकीजवळ नेलं. "चांगलं आहे. पण बाई, मिटल्या डोळ्यांचा माणूस भिंतीला लावत नाहीत."

"मी काढतो डोळं. दोन मिनिटांचं काम हाय," दत्तोबा म्हणाला.

"तू माशाचे काढशील."

मामंजी जोडे घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "डोळं पोरीचं घ्या. त्येचंच हायती."

मग सुलीला त्या स्टुलावर बसवलं. तिच्या तोंडात शेंगदाण्याची चिक्की, गाल हलतोय, डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. मी नव्या कागदावर तोंड उतरवलं, वरच्या सुरकुत्या सोडून दिल्या, मिशी काळी केली आणि त्यात माझ्या पोरीचे डोळे बसवले. पाच वर्षांच्या पोरीचे डोळे तिशीच्या बाप्याला. सर म्हणाले, डोळ्याला वय नसतं. बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील.

चौकट करून चित्र घरी लावलं. मामंजी त्याच्यापुढं उभे राहिले. मी दाराआड. त्यांच्या धोतराच्या काठाकडं बघत होते, काठ हलत नव्हता.

"सुले, आबांना इचार, जमलंय का."

मग आवाज आला. "सुले, सांग तिला, जमलं."

आणि शेळीला पाला टाकायला गेले.

ते जमलं होतं का, हे मला कधी कळलं नाही. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, माझ्यातही काही नव्हतं. भिंतीवर एक माणूस आला होता आणि सुलीनं विचारायचं थांबवलं होतं. ती शाळेत जाताना त्याला सांगून जायची. मामंजी सुली तिसरीत असताना गेले. तोवर आमचं बोलणं तिच्यातनंच चाललं. सर गेले, दत्तोबा कुठं आहे माहीत नाही. सुलीच्या बापाला जवळनं बघितलेलं माणूस आता कुणी उरलं नाही. मला कुणी विचारलं, तर मला त्या चित्रातलंच तोंड आठवतं. माझ्या हातानं काढलेलं.

तर परवा आम्ही वर पोचलो. गोदाम गेलंय, खाली मोबाइलची दुकानं आहेत. वर्गाला फरशी बसवलीय. ज्वारीचा वास नाही. नव्या बाईंनी भेंडोळं टेबलावर ठेवलं. नाडीनं बांधलेलं, ती नाडीही माझीच असंल. सोडलं तर कागद सरळ राहीनात, सुलीनं चारी कोपऱ्यांवर रंगाच्या बाटल्या ठेवल्या.

पटका. पटका. पटका. सुली मोजत होती. तेरा झाले आणि चौदावं मिटल्या डोळ्यांचं. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला आबांचं तोंड असं आठवतच न्हाय. आणि बापूकडं बघितलं की माझंच डोळं माझ्याकडं बघत्यात. लहानपणापासनं." रागानं नाही म्हणाली. पाऊसपाण्याचं बोलावं तसं म्हणाली.

"हा एक कागद राहिला की," नव्या बाई म्हणाल्या. "हे पण तुमचंच?"

ते माझं नव्हतं. कोळशाच्या रेघा जाड, दाबून दाबून काढलेल्या, एका ठिकाणी कागद फाटलेला. कधी कांडी न धरलेल्या हाताचं काम. दोन पावलं होती. बायकांची, अनवाणी. वर लुगड्याचा काठ, काठाला दोन रेघा. त्याच्या वर काहीच नाही, सगळा कागद कोरा. कोपऱ्यात सरांच्या अक्षरात, ते प्रत्येक कागदावर लिहायचे तसं, काढणाऱ्याचं नाव होतं. तात्या.

मला मामंजींच्या धोतरावरचे ते कोळशाचे डाग आठवले.

उजव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. टाचेला बाहेरच्या अंगानं भेग होती. आणि पायावर वरच्या बाजूला, रेघ नव्हे, ठिपकाही नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा बोटानं पुसून पांढरी ठेवलेली होती.

मी टेबलाला धरून उजव्या पायातली चप्पल काढली. सुलीनं कागद खाली फरशीवर ठेवला. मी पाऊल त्याच्या शेजारी ठेवलं. पाय आता सुजलेला असतो, कातडी सैल झालीय. सुली उकिडवी बसली, कागदाकडं बघितलं, पायाकडं बघितलं, परत कागदाकडं.

"आई, करंगळी बघ."

"बघतीय."

"आणि हा डाग."

"व्हय."

नव्या बाई काही न कळून उभ्या होत्या. खाली कुठल्यातरी दुकानात फोन वाजत होता. मी बऱ्याच वेळानं पाय उचलला आणि चप्पल घातली. आजवर आमच्या घरच्या माणसांनी काढलेल्या सगळ्या चित्रांत हे एकच असं होतं, की जे बरोबर आहे का नाही ते मला पडताळून बघता आलं.

"सुले," मी म्हणाले, "आबांना सांग, जमलं."